मांडीला करंट: ऑपरेशननंतर गेलेली ताकद परत आणताना

गुडघा बदलून चौथा दिवस. लालबागची चाळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुतण्यांनी खुर्चीत बसवून वर आणलेल्या काकू पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, गुडघा सरळ ठेवून अख्खा पाय वर उचला बघू." त्यांनी चादर मुठीत धरली, ओठ आवळले, कपाळावर घाम आला. पाय जागचा हलला नाही. "अगं पोरी, पाय माझाच आहे, पण माझं ऐकत नाही."

घरच्यांना वाटत होतं की त्या दुखण्याला घाबरून जोर लावत नाहीत. तसं नव्हतं. सांध्यात सूज आणि पाणी असलं की तिथल्या नसा मज्जारज्जूला सतत खबर देत राहतात, आणि मज्जारज्जू मांडीच्या पुढच्या स्नायूला, ज्याला आम्ही क्वाड्स म्हणतो, जाणारा हुकूम अडवून धरतो. गाडी ठीक आहे, मोटरमन जागेवर आहे, ओव्हरहेड वायरमध्ये वीज आहे, पण सिग्नल लाल आहे. माणूस कितीही मनापासून जोर लावो, हुकूम पूर्ण पोचतच नाही. गुडघा बदलल्यावर पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद ऑपरेशनआधीच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, आणि त्यात स्नायू वाळण्यापेक्षा या अडवणुकीचा वाटा मोठा असतो.

इथे करंट कामाला येतो. तो मेंदूकडून येणाऱ्या हुकुमाची वाट बघत नाही. मांडीच्या कातडीखाली जी नस स्नायूत शिरते तिलाच तो थेट जागं करतो, आणि स्नायू आवळला जातो.

मी परळ, लालबाग, दादर या भागात घरोघरी जाऊन हे काम करते. करंट लावलेला असतो आणि पेशंट मोबाइल बघत पडलेला असतो, हे चित्र मला पुन्हा पुन्हा दिसतं. मांडीला मुंग्या येत असतात, पंधरा मिनिटांनी टायमर वाजतो, पॅड काढले जातात. अशा करंटने ताकद वाढत नाही. महिनाभर हे करून "आम्ही करंटपण घेतला, काही फरक नाही" म्हणणारी माणसं भेटली की वाईट वाटतं, कारण त्यांचे सगळ्यात मोलाचे आठवडे वाया गेलेले असतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. मुख्य उदाहरण गुडघ्याच्या ऑपरेशनचं घेते. बाकीच्यांबद्दल शेवटी थोडं आहे.

कोणता करंट?

लोक सगळ्याला "करंट" किंवा "शेक" म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. टेन्स आणि आयएफटी हे दोन्ही मुख्यतः दुखणं कमी करायला वापरतात. त्यात सलग मुंग्या येतात, स्नायू मुद्दाम आवळायचा नसतो. ताकदीसाठीचा करंट वेगळा. तो स्नायूला काही सेकंद घट्ट आवळतो, मग पूर्ण सोडतो, पुन्हा आवळतो. जुन्या लोकांनी सरकारी हॉस्पिटलात ओले पॅड पट्ट्याने बांधून घेतलेला फॅराडिक करंट याच कुळातला. केईएमच्या किंवा हाजीअलीच्या, १९५५ साली सुरू झालेल्या भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेच्या विभागात ज्यांचं कुणी उपचारासाठी गेलं असेल, त्यांना ती पेटी आठवत असेल.

ताकदीसाठी करंट जोरात वापरायची कल्पना गाजवली ती याकोव्ह कोट्स या सोव्हिएत शास्त्रज्ञाने. १९७७ साली त्यांनी मॉन्ट्रियलमध्ये आपली पद्धत मांडली: दहा सेकंद करंट, पन्नास सेकंद विश्रांती, असे दहा आवळे (म्हणजे स्नायू दहा वेळा आवळणं). "रशियन करंट" हे नाव मशीनवर दिसतं ते तिथून आलं. त्यांनी खेळाडूंच्या ताकदीत जी वाढ सांगितली ती पुढे इतरांना तशी मिळाली नाही, पण दहा-पन्नासचं गणित टिकलं, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

आपण स्वतः पाय उचलतो तेव्हा शरीर आधी स्नायूतले लहान, सहसा न थकणारे तंतू कामाला लावतं. मोठे तंतू गरज पडली तरच येतात, आणि तेही आळीपाळीने. करंटला ही शिस्त नाही. पॅडच्या जवळ ज्या नसा असतील त्या तो एकदम उठवतो, आणि प्रत्येक वेळी त्याच. त्या तंतूंना आळीपाळी नाही, म्हणून ते फार लवकर दमतात. विश्रांती तोडून "पटपट करून टाकू" म्हटलं तर पाचव्या-सहाव्या आवळ्याला स्नायू नुसता थरथरतो. पन्नास सेकंद रिकामे वाटतात, पण पुढच्या दहा सेकंदांची ताकद त्यातूनच येते.

संशोधनातून दोन गोष्टी मला रोजच्या कामाला पक्क्या उपयोगी पडल्या. पहिली, लवकर सुरुवात. २०१२ साली अमेरिकेत गुडघा बदललेल्या ६६ जणांवर अभ्यास झाला. ज्यांनी ऑपरेशननंतर ४८ तासांत सुरू करून सहा आठवडे, दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा आवळे घेतले, त्यांची ताकद आणि चालणं नुसत्या व्यायामवाल्यांपेक्षा चांगलं राहिलं, आणि वर्षभरानंतरही फरक दिसला. त्याआधी २००९ साली २०० जणांवर झालेल्या अभ्यासात करंट साधारण महिन्यानंतर सुरू केला होता. तिथे चांगला व्यायाम करणाऱ्यांपेक्षा करंटने जास्त काही दिलं नाही. सिग्नल लाल असतानाच बाहेरून हुकूम द्यायचा असतो. तो हिरवा झाल्यावर स्वतःचा व्यायाम पुरतो. दुसरी गोष्ट, जोर. गुडघ्याचा लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, नवा बसवलेल्यांवरच्या १९९५ च्या अभ्यासात, ज्यांना जोराचा करंट दिला त्यांची ताकद हलका करंट घेतलेल्यांपेक्षा जास्त परत आली.

आधी हे तपासा

छातीत पेसमेकर किंवा झटका देणारं यंत्र बसवलेलं असेल तर घरी करंट नाही, मग पाय छातीपासून कितीही दूर असो. पायात रक्ताची गुठळी असेल किंवा संशय असेल तर नाही. ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर करंट, मालिश, व्यायाम सगळं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जिथे कॅन्सरची गाठ आहे त्या जागेवर नाही, जखमेवर, पू झालेल्या किंवा कातडी फाटलेल्या जागी नाही, गरोदरपणी पोट-कंबरेवर नाही, आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला किंवा छातीच्या आरपार तर कधीच नाही. फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

साखरेमुळे किंवा दुसऱ्या कारणाने कातडी बधिर झाली असेल तर विशेष जपा. डोळे मिटायला सांगून मांडीवर एकदा कापूस फिरवा, एकदा पेनाचं टोक टेकवा. फरक कळला पाहिजे. नाही कळला, तर करंट भाजतोय हेही कळणार नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चिरेच्या बाहेरच्या बाजूला एक बधिर चट्टा राहतो. तो नेहमीचा आहे, त्याची भीती नको. फक्त तिथे पॅड नको.

घरचे हमखास विचारतात, "आत धातू बसवलाय, करंट चालेल का?" या करंटचे ठोके दोन्ही दिशांनी सारखे जातात, त्यामुळे धातू तापत नाही. म्हणून गुडघा बदललेल्यांना तो देता येतो. डायथर्मी नावाचा जो खोल शेक असतो तो मात्र धातू तापवू शकतो. तिथे धातू असल्याचं सांगायलाच हवं. मागे एका ठिकाणी मी पाहिलं, डायथर्मीचं मशीन चालू असताना दोन हात अंतरावर दुसऱ्या पेशंटला करंट चालू होता. तसं करू नये. डायथर्मीच्या लहरींनी जवळच्या मशीनचा करंट अचानक वाढू शकतो.

शेवटचं: पहिली बैठक फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच व्हावी. पॅडची जागा पेनाने खूण करून घ्यावी, मशीनवरचे आकडे लिहून घ्यावेत. महाराष्ट्रात आमची परिषदेकडे नोंदणी असते. नंबर विचारायला संकोचू नका.

मशीन घेताना आणि लावताना

ऑनलाइन स्वस्तात मिळणारं बहुतेक यंत्र टेन्स असतं. घेण्यापूर्वी एवढं बघा: करंट चालू राहण्याचा वेळ आणि बंद राहण्याचा वेळ वेगवेगळा ठरवता येतो का? करंट हळूहळू चढतो-उतरतो का? ठोक्याची लांबी, म्हणजे एक ठोका टिकण्याचा वेळ, ३०० मायक्रोसेकंद किंवा जास्त ठेवता येते का? यातलं एकही उत्तर "नाही" आलं तर ते मांडीच्या ताकदीसाठी नाही. विकत न घेता सहा आठवड्यांसाठी भाड्याने मिळालं तर उत्तम.

मांडीसाठी मी असं ठेवते. ठोक्याची लांबी ३०० ते ४०० मायक्रोसेकंद. आखूड ठोक्याने इतका मोठा स्नायू जोरात आवळायला करंट फार वाढवावा लागतो आणि टोचतं. वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० ठोके. वीसच्या खाली स्नायू नुसता फडफडतो, सलग आवळला जात नाही, आणि ८० च्या वर गेलं की लवकर दमतो. चढायला दोन सेकंद, उतरायला एक-दोन. चालू दहा सेकंद, बंद पन्नास. काही मशीन चढायचा वेळ त्या दहा सेकंदांतच धरतात. तसं असेल तर चालू वेळ बारा करा, नाहीतर पूर्ण जोराचे आठच सेकंद हाती लागतात. पंधरा आवळे म्हणजे पंधरा मिनिटं.

जुन्या चाळीत भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग असेलच याची मी खात्री धरत नाही, म्हणून घरी बॅटरीवर चालणारंच मशीन वापरते. चार्ज होत असताना ते अंगाला लावायचं नाही.

कातडी आणि पॅड

ही पायरी सगळे उरकून टाकतात आणि निम्म्या तक्रारी इथूनच येतात. मांडीला खोबरेल, औषधी तेल किंवा बाम लावलेला असला तर पॅड चिकटत नाही आणि करंट सगळीकडे सारखा पसरत नाही, एका कोपऱ्यातून घुसतो. तिथे सुया टोचल्यासारखं होतं आणि पेशंट म्हणतो, "मला हे सहन नाही होत." खरं तर करंट सहन होत नसतो असं नाही, वाईट पॅड सहन होत नसतो. साबण-पाण्याने मांडी धुवा, पूर्ण कोरडी करा. केस दाट असतील तर कात्रीने कापा, वस्तरा नको. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांतून करंट झोंबतो.

पॅड मोठे हवेत, साधारण तळहाताएवढे. तोच करंट लहान पॅडमधून दिला की जळजळतो, मोठ्यातून सुसह्य होतो. एक पॅड मांडीच्या वरच्या भागात, पुढे आणि किंचित बाहेरच्या बाजूला, जांघेपासून वीतभर खाली. दुसरा गुडघ्याच्या वाटीच्या वर तीन-चार बोटं, आतल्या बाजूला, जिथे पाय ताठ केल्यावर स्नायूचा थेंबासारखा फुगवटा येतो. टाक्यांपासून किमान दोन बोटं लांब राहा. खालचा पॅड महत्त्वाचा. तो एक-दोन बोटं इकडेतिकडे सरकवून बघा, कारण नस स्नायूत शिरते ती जागा प्रत्येकाची थोडी वेगळी असते. तेवढ्याच करंटला जिथे सगळ्यात जोराचा आवळा येतो आणि टोचणं कमी होतं, ती तुमची जागा. तिथे पेनाने कडा आखून ठेवा.

मुंबईची हवा पॅडची वैरी आहे. मे महिन्यात घामाने सुटतात, जुलैत दमटपणाने लिबलिबीत होतात. करंट घेताना पंखा चालू ठेवा, वापरून झाल्यावर पॅड त्याच्या प्लास्टिकवर चिकटवून झाकणाच्या डब्यात, गार जागी ठेवा. जेल सुकल्यासारखा वाटला तर पाण्याचा एक थेंब बोटाने पसरवा. वीस-पंचवीस वेळा वापरल्यावर नवे घ्या. सुरुवातीच्या वर्षांत मी एका आजोबांच्या पॅडचा सुकलेला कोपरा बघूनही "आजच्या दिवस चालेल" म्हणून वापरला होता. दुसऱ्या दिवशी त्या जागी रुपयाएवढा फोड होता. त्या फोडाने आजोबांचे दहा दिवस गेले. तेव्हापासून पॅड लावण्यापूर्वी मी चारही कोपरे बोटाने चाचपते.

पॅड काढल्यावर खाली फिकट गुलाबी चौकोन दिसणं ठीक. तासा-दोन तासांत जातो. लाल ठिपके, खाज, फोड आले तर त्या जागी पुन्हा लावू नका.

बसायचं कसं

पहिले काही दिवस पलंगावर पाय लांब करून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून. करंट आला की टॉवेल गुडघ्याने खाली दाबायचा. टाच किंचित उचलली जाईल, ते चांगलं आहे.

बसता येऊ लागलं की खुर्चीत. गुडघा ६० ते ८५ अंशांत वाकलेला, घोटा खुर्चीच्या पायाला बांधलेला, म्हणजे स्नायू पूर्ण जोरात आवळला तरी पाय पुढे झेपावत नाही आणि सांधा हलत नाही. प्लास्टिकची खुर्ची नको, ती सरकते किंवा वाकते. जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवा. बांधायला जुनी सुती ओढणी किंवा लुगड्याची पट्टी चार पदरी करून घ्या, खाली पातळ टॉवेल ठेवा. दोरी नको. लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्यांनी गुडघा किती वाकवून करायचं हे आपल्या सर्जनला विचारूनच ठरवावं.

प्रत्यक्ष करताना

मशीन शून्यावर आहे ना, बघा. चालू करा. आधी मुंग्या येतील, मग खेच जाणवेल, मग स्नायू दिसेल असा आवळेल. पहिले दोन-तीन आवळे हलके, अंग सैल करण्यापुरते. मग वाढवायला लागा.

आकडा नेहमी करंट चालू असतानाच वाढवायचा. बंद असलेल्या पन्नास सेकंदांत काही जाणवत नाही म्हणून लोक बटण दाबत बसतात, आणि पुढचा आवळा एकदम आदळतो. एकदा असं झालं की तो माणूस पुन्हा मशीनला हात लावू देत नाही. बटण पेशंटच्याच हातात द्या. स्वतःच्या हाताने वाढवणारा माणूस दुसऱ्याने वाढवण्यापेक्षा बराच वर जातो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

किती वाढवायचं? सहन होईल तितकं, आणि "सहन होईल" याचा अर्थ "आरामात" असा नाही. बोलता बोलता शब्द तुटायला हवा. मांडीवर हात ठेवला तर कच्च्या पेरूसारखी टणक लागायला हवी, वाटी वर सरकलेली दिसायला हवी. मशीनवरचा मिलिअँपिअरचा आकडा शेजारणीच्या आकड्याशी ताडून बघू नका. जाड मांडीला जास्त लागतो, बारीक मांडीला कमी. सवय झाली की तीन-चार आवळ्यांनी तोच करंट मवाळ वाटतो. तेव्हा एक पायरी वर. टोचतंय, भाजतंय असं वाटलं तर तो जोर नव्हे, पॅडची चूक. थांबा, पॅड तपासा. पोटरीत येतो तसा गोळा आला तर लगेच बंद करा, पाय सैल सोडा आणि पुढच्या वेळी एक पायरी खालून सुरू करा.

आणि करंट आला की आपणही जोर लावायचा. गुडघा सरळ करायचाय असं मनात आणून, मांडीकडे बघत. मोबाइल बाजूला. बाहेरचा हुकूम आणि आतला हुकूम एकाच वेळी पोचले की अडवून धरलेली वाट हळूहळू मोकळी होते. श्वास कोंडायचा नाही. ब्लड प्रेशरवाल्यांनी तर अजिबात नाही. मोठ्याने एक ते दहा मोजा, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. त्या लालबागच्या काकू मोजण्याऐवजी गणपती अथर्वशीर्षातल्या ओळी म्हणायच्या. मला त्यात काहीच अडचण वाटली नाही.

पंधरा आवळे झाल्यावर करंट काढा आणि लगेच, स्नायू जागा असताना, स्वतःचा व्यायाम करा: पाय सरळ उचलणं दहा वेळा, टॉवेल दाबणं दहा वेळा, पुढे जमेल तेव्हा खुर्चीतून उठणं-बसणं. हा भाग सोडला तर केलेल्या मेहनतीचं अर्धं फळ हातातून जातं. नंतर सूज वाटली तर कापडात गुंडाळून बर्फ दहा-पंधरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी मांडी अंगमेहनत केल्यासारखी दुखेल. दोन दिवसांत जातं. गुडघाच जास्त सुजला तर एक दिवस थांबा आणि फिजिओला कळवा. लघवी काळपट तपकिरी झाली तर लगेच दवाखाना गाठा. पायाच्या एका स्नायूवर नीट केलेल्या करंटने सहसा असं होत नाही. पण अंगभर करंटचे सूट घालून व्यायाम करवतात तिथे पहिल्याच दिवशी अती केल्याने स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर ताण आल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

जोर मोजण्याची घरगुती रीत

दवाखान्यात ताकद मोजायची यंत्रं असतात, चाळीत नसतात. मी बॅग मोजायचा हुकवाला डिजिटल काटा वापरते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सर्जनची परवानगी असेल तर, घोट्याभोवतीची पट्टी काट्याच्या हुकात अडकवायची, काट्याचं दुसरं टोक खुर्चीच्या मागच्या पायाला बांधायचं. आधी चांगल्या पायाने, करंटशिवाय, पूर्ण जोर लावून आकडा बघा. मग ऑपरेशनच्या पायाने. मग करंट लावून, स्वतः काहीही जोर न लावता, नुसत्या करंटने काटा किती दाखवतो ते बघा. ऑपरेशनच्या पायाच्या स्वतःच्या जोराच्या किमान तिसऱ्या भागाइतका, जमलं तर निम्मा, आकडा नुसत्या करंटने यायला हवा. समजा स्वतःच्या जोराने सहा किलो दाखवतो, तर करंटने दोन ते तीन. एकही किलो येत नसेल तर ते पंधरा आवळे फक्त मुंग्या आहेत. करंट वाढवा, नाहीतर पॅडची जागा बदला.

दर सोमवारी, त्याच खुर्चीत, त्याच उंचीवर बांधून, आकडा कॅलेंडरवर लिहा. लिहिलेला आकडा घरातल्या सगळ्यांना दिसतो आणि "आज राहू दे" म्हणणं अवघड होतं.

आठवडे

पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा, फिजिओने तसं सांगितलं असेल तर. पुढे दिवसातून एकदा, आठवड्यातून पाच दिवस. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पंधरावा आवळाही पहिल्याइतकाच घट्ट येत असेल तर विश्रांती पन्नासवरून तीस सेकंदांवर आणा. या काळात स्वतःचा व्यायाम वाढत जायला हवा: पायाला वजन, जिन्याची एक पायरी, मग दोन. चाळीचा जिना, स्टेशनचा पूल, ही मुंबईकरांची खरी परीक्षा. जिना उतरताना मांडीचा हाच स्नायू ब्रेकचं काम करतो, म्हणून उतरण्याचा सराव कठडा धरून, एका पायरीने, घरच्या माणसाला एक पायरी खाली उभं करून सुरू करावा.

लकवा, पडलेलं पाऊल, तुटलेली नस

लकव्यात हाताची बोटं आणि मनगट मिटलेलं राहतं, तिथे हाताच्या मागच्या बाजूच्या, मनगट उचलणाऱ्या स्नायूंना करंट देतात. चालताना पाऊल घसटत असेल तर नडगीच्या बाहेरच्या स्नायूला. चालतानाच टाच उचलली की करंट सुरू होईल अशी सोय १९६१ साली लिबर्सन या डॉक्टरांनी केली होती, आजची पायाला बांधायची यंत्रं त्याचीच पुढची पिढी. इथे जोर कमी, वारंवारता ३० ते ४० हर्ट्झ, आणि स्नायू थकवायचा नाही. पण नियम तोच: पेशंटने हाताकडे बघत स्वतः उघडायचा प्रयत्न करायचा. शक्य असेल तर हातात पेला द्या, करंट आला की पेला सोडायला सांगा. नुसता हात उघडण्यापेक्षा काहीतरी काम करताना उघडलेला हात मेंदूला जास्त शिकवतो.

नस तुटली किंवा पूर्ण दबली असेल तर गोष्ट वेगळी. आपला मांडीवाला करंट नसेमार्फतच काम करतो. नसच मेली असेल तर ३०० मायक्रोसेकंदांचा ठोका कितीही वाढवला तरी स्नायू हलत नाही, फक्त कातडी भाजते. अशा स्नायूला शंभर मिलिसेकंदांसारखे लांब ठोके लागतात. ते काम दवाखान्यातच व्हावं. तोंड वाकडं झालेल्यांच्या चेहऱ्यावर घरचं मशीन कुणीही लावू नये.

बंद कधी करायचं

बसून पाय पुढे सरळ करताना शेवटचे काही अंश राहत असतील, म्हणजे गुडघा दुसऱ्याने सरळ केला तर होतो पण स्वतःहून पूर्ण होत नाही, तोवर करंट चालू. तो फरक गेला आणि काट्यावर ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास आला की करंट थांबवून वेळ व्यायामाला द्या. बहुतेकांचं हे सहा ते आठ आठवड्यांत होतं. तोवर काट्यावरचा आकडा सलग दोन सोमवार हलला नाही, तर करंट वाढवत बसण्याआधी फिजिओला बोलवा. कधी सूज उतरलेली नसते, कधी कंबरेतली नस दबलेली असते, कधी पेशंट नीट जेवत नसतो. डाळ, अंडं, मासे, दही, जे घरात चालतं ते रोज पोटात गेलं नाही तर आवळलेला स्नायू भरून यायला काही मिळतच नाही.

काकूंचं मशीन सातव्या आठवड्यात बंद केलं. वायरी सैल गुंडाळल्या. घट्ट गुंडाळल्या की आतली तार मुळाशी तुटते आणि पुढच्या पेशंटला करंट मध्येच येतो-जातो. पॅड टाकून दिले, कारण एकाचे पॅड दुसऱ्याला लावायचे नसतात. बॅटरी काढून ठेवली. काटा मात्र काकूंनी परत दिला नाही. "राहू दे गं, दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी लागेल," म्हणाल्या, आणि कठडा धरून खाली दुधाच्या केंद्रापर्यंत मला सोडायला आल्या.